क्रांती कधी होते आणि कधी होत नाही : इतिहासाच्या पेपरासाठी उजळणी

शिवाजी विद्यापीठाच्या महाविद्यालयांत बी. ए.ला इतिहास घेतलेले विद्यार्थी असोत किंवा राजारामपुरीतल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे असोत, परीक्षा जवळ आली की बहुतेकांच्या वहीत क्रांतीचे प्रकरण एकाच साच्यात आलेले दिसते. फ्रेंच राज्यक्रांतीची कारणे राजकीय, सामाजिक, आर्थिक आणि वैचारिक अशा चार खणांत मांडलेली असतात, पुढच्या पानावर रशियन राज्यक्रांतीची कारणेही त्याच चार खणांत बसवलेली असतात, आणि सोळाव्या लुईच्या जागी झार निकोलसचे नाव घातले तर पहिले उत्तर दुसऱ्या प्रश्नालाही जवळजवळ जसेच्या तसे चालून जाते. जे उत्तर दोन वेगळ्या घटनांना सारखेच लागू पडते, ते त्यांपैकी एकीचेही स्पष्टीकरण देत नाही, हे परीक्षकाच्या लक्षात येते. विद्यार्थ्याच्या लक्षात ते येत नाही, याचा दोष मी त्याला फारसा देणार नाही, कारण गाईडांपासून वर्गातल्या टिपणांपर्यंत सगळीकडे हाच साचा वापरला जातो.

या साच्याची खरी अडचण अशी की त्यातली कारणे खोटी नसतात. फ्रान्समध्ये करांचा भार शेतकऱ्यांवर होता, सरदार आणि धर्मगुरू यांना सवलती होत्या, राजा निरंकुश होता आणि रूसो-व्हॉल्तेअर यांचे लेखन वाचले जात होते, हे सगळे बरोबरच आहे. परंतु ही परिस्थिती १७६० मध्येही होती आणि १७८० मध्येही होती. मग क्रांती १७८९ मध्येच का झाली, हा प्रश्न चार खणांच्या उत्तरात कुठेच येत नाही. क्रांतीचे प्रकरण समजून घ्यायचे असेल, तर जिथे क्रांती झाली ते वर्ष आणि सगळी लक्षणे असूनही जिथे ती झाली नाही ते वर्ष, अशा दोन वर्षांची जोडी समोर ठेवून अभ्यास करावा, असे माझे मत आहे. सुदैवाने फ्रान्स आणि रशिया या दोन्ही देशांच्या इतिहासात अशा जोड्या तयारच आहेत.

१७७५ आणि १७८९

सोळावा लुई मे १७७४ मध्ये गादीवर आला. त्या वर्षी पीक वाईट आले होते, अर्थमंत्री तुर्गो याने धान्यव्यापारावरील निर्बंध उठवले होते, आणि १७७५ च्या एप्रिल-मे महिन्यांत पावाचे भाव भडकले तेव्हा पॅरिस आणि आसपासच्या प्रदेशात लोकांनी बाजार व धान्याची कोठारे फोडली. या दंगली ‘पिठाचे युद्ध’ या नावाने ओळखल्या जातात. सरकारने फौज पाठवली, काही जणांना पकडले, दोघांना जाहीर फाशी दिली, आणि काही आठवड्यांत सारे शांत झाले. भूक होती, विषमता होती, राजा तोच होता आणि तत्त्वज्ञांचे विचारही हवेत होते, तरी क्रांती झाली नाही.

चौदा वर्षांनंतर काय बदलले होते? पहिली गोष्ट तिजोरीची. इंग्लंडवर सूड उगवण्यासाठी फ्रान्सने १७७८ मध्ये अमेरिकन वसाहतींशी उघड करार केला आणि त्यांच्या स्वातंत्र्ययुद्धात पैसा, गलबते व सैन्य ओतले. हा खर्च अर्थमंत्री नेकर याने मुख्यतः कर्ज काढून भागवला. परिणामी १७८८ मध्ये सरकारच्या एकूण खर्चापैकी जवळजवळ निम्मी रक्कम केवळ जुन्या कर्जाची फेड आणि व्याज यांत जात होती, तर व्हर्सायच्या दरबाराचा खर्च सुमारे सहा टक्के होता. ही दोन टक्केवारी उत्तरात शेजारी शेजारी लिहावी. राणी मारी आंत्वानेतच्या उधळपट्टीमुळे फ्रान्सचे दिवाळे निघाले, हे विधान पुष्कळ उत्तरपत्रिकांत असते. उधळपट्टी खरी होती आणि तिने राजघराण्याची अब्रू घालवली हेही खरे आहे, पण तिजोरी रिकामी केली ती युद्धाने. (भाकरी नसेल तर केक खा, हे वाक्य राणीच्या तोंडी घालण्यास कोणताही आधार नाही. अशा अर्थाची गोष्ट रूसोने एका अनाम राजकन्येबद्दल लिहिली, तेव्हा मारी आंत्वानेत ऑस्ट्रियात वाढणारी लहान मुलगी होती. परीक्षेत ते वाक्य लिहू नये.)

तिजोरी रिकामी झाली की राज्यकर्त्याला कोणाकडे तरी हात पसरावा लागतो, आणि ज्याच्याकडे हात पसरला तो अटी घालतो. अर्थमंत्री कालोन याने १७८७ च्या फेब्रुवारीत देशातील मान्यवरांची सभा बोलावून सर्व जमिनीवर, म्हणजे सरदार आणि चर्च यांच्या जमिनीवरही, कर बसवण्याचा प्रस्ताव मांडला. सभेने तो मान्य केला नाही. त्याच्यानंतर आलेल्या ब्रिएन याने तोच प्रयत्न पुढे चालवला, तेव्हा पॅरिसच्या वरिष्ठ न्यायालयाने, ज्याला पार्लमाँ म्हणत, अशी भूमिका घेतली की नव्या करांना संमती देण्याचा अधिकार फक्त इस्टेट्स जनरलला, म्हणजे तिन्ही वर्गांच्या प्रतिनिधींच्या सभेला, आहे. १७८८ च्या ऑगस्टमध्ये सरकारला देणी थांबवावी लागली आणि १६१४ नंतर एकदाही न भरलेली ती सभा ५ मे १७८९ रोजी बोलावण्यात आली. येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांनी नीट पाहावी. राजाला पहिला धक्का शेतकऱ्यांनी दिला नाही, तसा तो मध्यमवर्गानेही दिला नाही. आपल्या सवलती सांभाळू पाहणाऱ्या वरच्या वर्गानेच राजाला कोंडीत पकडले आणि ज्या सभेच्या आधारे ते राजाला वाकवणार होते, ती सभा त्यांच्या हाताबाहेर गेली.

ती हाताबाहेर का गेली, याचे उत्तर मतदानाच्या पद्धतीत आहे. धर्मगुरू, सरदार आणि उरलेली सारी प्रजा असे तीन वर्ग, आणि प्रत्येक वर्गाला एक मत, ही जुनी रीत होती. तिसऱ्या वर्गाच्या प्रतिनिधींची संख्या १७८८ च्या डिसेंबरात दुप्पट करण्यात आली, पण मते वर्गवार मोजायची की डोकी मोजायची, हे ठरवलेच नाही. वर्गवार मोजली तर दुप्पट संख्येला काहीच अर्थ उरत नव्हता. या एका न सुटलेल्या प्रश्नावर सहा आठवडे वाद चालला आणि १७ जूनला तिसऱ्या वर्गाने स्वतःला राष्ट्रीय सभा म्हणून घोषित केले. २० जूनला सभागृह बंद आढळल्यावर त्यांनी टेनिस कोर्टावर जमून, राज्यघटना तयार झाल्याशिवाय पांगणार नाही, अशी शपथ घेतली. रूसो आणि व्हॉल्तेअर दोघेही १७७८ मध्ये वारले होते, माँतेस्क्यू तर १७५५ मध्येच. त्यांच्या विचारांनी राज्य पाडले असे म्हणण्यापेक्षा, राज्य मोडकळीला आल्यावर पुढे काय उभारायचे हे बोलण्यासाठी लागणारी भाषा त्या विचारांनी पुरवली, असे लिहिणे अधिक अचूक ठरेल.

दुसरी गोष्ट फौजेची. १७७५ मध्ये सैनिकांनी दंगल मोडली होती. १७८९ च्या जुलैमध्ये राजाने पॅरिसभोवती पलटणी जमवल्या आणि ११ जुलैला, पुन्हा अर्थमंत्री झालेल्या आणि लोकप्रिय ठरलेल्या नेकरला बडतर्फ केले. त्याआधीच्या जुलैमधल्या गारपिटीने आणि नंतरच्या कडक हिवाळ्याने धान्य महाग झाले होते, पॅरिसच्या मजुराची बहुतेक कमाई पावातच जात होती, आणि लोकांना वाटले की आता फौज राष्ट्रीय सभा मोडून काढणार. १४ जुलैला सकाळी जमावाने अँव्हालीद येथून हजारो बंदुका मिळवल्या. बंदुकीची दारू नव्हती, ती बास्तीलमध्ये होती. बास्तीलवर मोर्चा गेला तो कैद्यांना सोडवण्यासाठी नव्हे, कारण आत केवळ सात कैदी होते. बिंदू चौकातून जाता-येता भर वस्तीत तटबुरुजांचे कारागृह पाहणाऱ्या कोल्हापूरकर विद्यार्थ्याला त्या जागेचा दबदबा लवकर कळेल: पूर्व पॅरिसच्या दाट वस्तीवर आठ बुरुजांची ती गढी उभी होती आणि तिच्या तोफांचे रोख लोकांच्या घरांकडे होते. दुपारी जमावाच्या मदतीला तोफा घेऊन जे आले ते राजाच्याच फ्रेंच गार्ड पलटणीतले शिपाई होते. राजाचे सल्लागार समजून चुकले की आता हुकूम दिला तरी तो पाळला जाईलच असे नाही. क्रांती ‘झाली’ ती या क्षणी, आणि १७७५ व १७८९ यांतला फरक दोन शब्दांत सांगायचा तर तो तिजोरी आणि फौज हा आहे.

यापुढचा फ्रान्सचा इतिहास तारखांची यादी म्हणून पाठ केला तर पेपरात नेमका घोळ होतो. तो एकातून दुसरे निघालेल्या अडचणींची साखळी म्हणून पाहिला तर लक्षात राहतो. खेड्यांत उमरावांच्या गढ्या जळू लागल्या, म्हणून ४ ऑगस्टच्या रात्री सभेने सरंजामी हक्क रद्द केले, आणि २६ ऑगस्टला मानवी व नागरी हक्कांचा जाहीरनामा संमत झाला. पण कर्ज तर होतेच. ते फेडण्यासाठी नोव्हेंबर १७८९ मध्ये चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या ताब्यात घेतली आणि तिच्या तारणावर असिन्या नावाचे कागदी चलन काढले. मालमत्ता घेतली म्हणजे धर्मगुरूंचा पगार सरकारने द्यायला हवा. पगार द्यायचा तर त्यांची नेमणूक व निष्ठा सरकारच्या हाती हवी. म्हणून जुलै १७९० चा धर्मगुरूंविषयीचा कायदा आला आणि पाठोपाठ निष्ठेची शपथ आली. साधारण निम्म्या पाद्र्यांनी ती नाकारली आणि गावेच्या गावे दुभंगली. श्रद्धाळू लुईला हे सोसवेना. जून १७९१ मध्ये तो कुटुंबासह वेषांतर करून निसटला आणि व्हारेन येथे पकडला गेला. पळून जाणाऱ्या राजाला घटनात्मक राजा कसे मानायचे, या प्रश्नाने सभेत फूट पडली. एप्रिल १७९२ मध्ये ऑस्ट्रियाशी युद्ध पुकारले गेले, पराभव होऊ लागले, राजा शत्रूला सामील आहे हा संशय बळावला, १० ऑगस्टला तुइलरी राजवाडा पडला, सप्टेंबरात प्रजासत्ताक आले आणि २१ जानेवारी १७९३ रोजी लुईचा शिरच्छेद झाला. सुरुवात कर्जफेडीपासून झाली आणि शेवट गिलोटिनपाशी, पण यांतील प्रत्येक पाऊल आधीच्या पावलाची अडचण सोडवण्यासाठी टाकलेले होते.

यानंतरच्या दहशतीच्या राज्याबद्दल लिहिताना रोबेस्पिएर या जहाल पुढाऱ्याच्या स्वभावावर एक परिच्छेद खर्च करण्याचा मोह टाळावा. १७९३ च्या वसंतात एकीकडे युरोपातील बहुतेक सत्ता फ्रान्सविरुद्ध लढत होत्या, दुसरीकडे व्हाँदे प्रांतात सैन्यभरतीविरुद्ध बंड पेटले होते, कागदी चलनाची किंमत घसरत होती आणि पॅरिसचे कष्टकरी भावांवर मर्यादा मागत होते. सार्वजनिक सुरक्षा समिती या परिस्थितीतून आली. तिने भाव बांधून दिले, सक्तीची सैन्यभरती केली, युद्ध सावरले आणि त्याच यंत्रणेने सुमारे १७,००० माणसांना रीतसर शिक्षा देऊन ठार केले. तुरुंगांत मेलेले आणि व्हाँदेत मारले गेलेले यांत धरलेले नाहीत. ज्यांना देहदंड झाला त्यांपैकी सरदार दहा टक्क्यांहून कमी होते, बहुसंख्य लोक सामान्य होते. हा आकडा ‘वर्गसंघर्ष’ एवढ्याच शब्दावर थांबणाऱ्या उत्तराला आवर घालतो. उलट, दहशत ही निव्वळ परिस्थितीची लाचारी होती असे म्हणणाऱ्यालाही उत्तर द्यावे लागते, कारण १७९४ च्या जूनमध्ये युद्ध जिंकले जात असतानाच पॅरिसमधील शिरच्छेद वाढले. या दोन्ही बाजू मांडून आपले मत देणारे उत्तर चांगले. रोबेस्पिएर जुलै १७९४ मध्ये पडला, त्यानंतर आलेल्या संचालक मंडळाच्या सरकारला फौजेच्या आधाराशिवाय टिकता येईना, आणि ज्या फौजेचा आधार घेतला तिच्याच सेनापतीने, नेपोलियनने, नोव्हेंबर १७९९ मध्ये सत्ता घेतली.

अमेरिका, चहा आणि वडगाव

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाचा भाग तुलनेने सोपा आहे आणि तो फ्रान्सच्या आधी पाठ करण्याऐवजी फ्रान्सच्या कर्जाला जोडून वाचला तर जास्त उपयोगी पडतो. तेथेही सुरुवात तिजोरीपासूनच होते. १७५६ ते १७६३ या सप्तवार्षिक युद्धाने इंग्लंड कर्जात बुडाले आणि त्यातला काही वाटा वसाहतींकडून वसूल करण्यासाठी १७६५ चा मुद्रांक कायदा व नंतरचे आयात कर आले. आमचा प्रतिनिधी ज्या संसदेत नाही, तिला आमच्यावर कर बसवता येणार नाही, ही वसाहतींची भूमिका होती.

मराठी विद्यार्थ्याने येथे एका गोष्टीकडे अवश्य लक्ष द्यावे. १६ डिसेंबर १७७३ रोजी बोस्टनच्या बंदरात जो चहा समुद्रात फेकला गेला, तो ईस्ट इंडिया कंपनीचा होता. बंगालच्या दुष्काळानंतर आणि कारभारातील गैरव्यवहारामुळे कंपनी अडचणीत आली होती. तिला वाचवण्यासाठी ब्रिटिश संसदेने १७७३ मध्ये एका हाताने अमेरिकेत चहा विकण्याची सवलत दिली आणि दुसऱ्या हाताने रेग्युलेटिंग अॅक्ट करून तिच्या भारतातील कारभारावर लगाम घातला. आपण हे दोन कायदे दोन वेगळ्या पेपरांत शिकतो, पण ते एकाच संसदेने एकाच वर्षी, एकाच कंपनीसाठी केलेले आहेत. मार्च १७७५ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी राघोबादादांशी सुरतेचा तह केला आणि पुढच्याच महिन्यात लेक्सिंग्टन येथे पहिली गोळी सुटली. जानेवारी १७७९ मध्ये मराठ्यांनी वडगावला कंपनीच्या सैन्याला तह करायला लावला, तेव्हा इंग्लंड अमेरिकेत आणि फ्रान्सशीही लढत होते. १७८१ मध्ये यॉर्कटाउनला शरण गेलेला कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये भारतात गव्हर्नर जनरल होऊन आला आणि १७९३ मध्ये बंगालात कायमधारा पद्धत लागू झाली ती त्याच्याच काळात. अशी जोडणी केली की दोन पेपरांची उजळणी एकदम होते.

अमेरिकेत सामाजिक उलथापालथ कितपत झाली, हा प्रश्न विचारला जातो. राजसत्ता गेली, लिखित घटना आली, पण जमीनदार व व्यापारी यांचे स्थान फारसे ढळले नाही आणि गुलामगिरी १८६५ पर्यंत टिकली. ‘सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत’ असे १७७६ मध्ये जाहीर करणाऱ्यांपैकी अनेक जण गुलामांचे मालक होते.

त्या वाक्याचा शब्दशः अर्थ ज्यांनी घेतला, ते लोक कॅरिबियन समुद्रातील सँ-दोमिंग या फ्रेंच वसाहतीत होते आणि आपल्या बहुतेक नोट्समध्ये त्यांना एक ओळही मिळत नाही. साखर आणि कॉफी पिकवणाऱ्या त्या वसाहतीत सुमारे पाच लाख गुलाम होते. १७९१ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी उठाव केला, पॅरिसमधील सभेला १७९४ मध्ये गुलामगिरी रद्द करावी लागली, नेपोलियनने ती पुन्हा लादण्यासाठी सैन्य पाठवले, त्यांचा नेता तूसाँ लूव्हेर्त्यूर फ्रान्सच्या तुरुंगात १८०३ मध्ये मेला, आणि तरीही १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाले. १८२५ मध्ये फ्रान्सने मान्यतेच्या बदल्यात त्यांच्याकडून १५ कोटी फ्रँकची भरपाई मागितली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या परिणामांवरील उत्तरात हैतीचा एक परिच्छेद घातला, तर समतेच्या तत्त्वाची मर्यादा आणि ताकद दोन्ही एकाच उदाहरणाने दाखवता येतात.

१९०५ आणि १९१७

रशियाची जोडी फ्रान्सच्या जोडीपेक्षाही ठळक आहे, कारण झार एक, राजधानी एक आणि मधले अंतर केवळ बारा वर्षांचे. आधी दिनदर्शिकेचा गोंधळ दूर करू. रशियात १९१८ पर्यंत जुनी दिनदर्शिका चालू होती आणि विसाव्या शतकात ती आपल्या दिनदर्शिकेच्या तेरा दिवस मागे होती. म्हणून ‘फेब्रुवारी क्रांती’ आपल्या मार्चमध्ये आणि ‘ऑक्टोबर क्रांती’ ७ नोव्हेंबरला येते. उत्तरात कोणतीही एक पद्धत वापरावी, पण ती कोणती हे सुरुवातीला लिहावे. येथे मी जुन्या तारखा देतो.

९ जानेवारी १९०५ रोजी, जपानशी युद्ध हरत असताना, झारला विनंतीअर्ज देण्यासाठी निघालेल्या कामगारांवर गोळीबार झाला. त्यानंतर वर्षभर संप, शेतकऱ्यांचे उठाव आणि पोटेमकिन युद्धनौकेवरील बंड असे सगळे घडले. तरीही झार टिकला. त्याने युद्ध संपवले, ऑक्टोबरात ड्युमा, म्हणजे निवडलेली प्रतिनिधिसभा, देण्याचे वचन देऊन उदारमतवाद्यांना कामगारांपासून वेगळे केले, आणि डिसेंबरात मॉस्कोचा उठाव मोडायला पाठवलेल्या गार्ड पलटणीने हुकूम पाळला. पुढच्या एप्रिलमध्ये फ्रान्समधून प्रचंड कर्ज मिळाले आणि तिजोरी सावरली. फौज आणि तिजोरी हातात राहिली, म्हणून १९०५ ची गणना अयशस्वी क्रांतीत होते.

१९१७ मध्ये दोन्ही गेल्या. १९१४ मध्ये युद्ध सुरू होताच दारूबंदी केल्याने सरकारने आपल्या महसुलाचा सुमारे चौथा हिस्सा स्वतःहून सोडला होता आणि खर्च नोटा छापून भागवला जात होता. पैशाची किंमत उतरली तसे शेतकरी धान्य विकेनासे झाले आणि रेल्वे आघाडीसाठी अडकल्याने असलेले धान्यही शहरांत पोहोचेना. १९१५ मध्ये झारने सरसेनापतिपद स्वतःकडे घेतले, त्यामुळे प्रत्येक पराभव त्याच्या नावावर जमा होऊ लागला. २३ फेब्रुवारी १९१७ रोजी, महिला दिनी, पेट्रोग्राडच्या कापड गिरण्यांतील स्त्रिया भाकरीसाठी रस्त्यावर आल्या. २६ तारखेला शिपायांनी जमावावर गोळ्या झाडल्या; २७ तारखेच्या सकाळी व्होलिन्स्की पलटणीने बंड केले आणि दिवसभरात राजधानीतील बहुतेक पलटणी तिच्या मागे गेल्या. १९०५ मध्ये उठाव मोडणारी पलटण नियमित, शिस्तीत मुरलेली होती. १९१७ ची फौज बरीचशी गणवेश घातलेल्या शेतकऱ्यांची होती आणि त्यांना आघाडीवर जायचे नव्हते. सेनापतींनीच पदत्यागाचा सल्ला दिला आणि २ मार्चला निकोलसने गादी सोडली.

येथपर्यंत लेनिनचे नाव आलेले नाही, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. तो तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये होता आणि एप्रिलमध्ये परतला. झारला बोल्शेविकांनी, म्हणजे लेनिनच्या पक्षाने, पाडले, हे वाक्य परीक्षेत सर्रास लिहिले जाते आणि ते चूक आहे. झार पडल्यावर ड्युमातील पुढाऱ्यांचे हंगामी सरकार आणि कामगार-शिपायांची सोव्हिएत (परिषद) अशा दोन सत्ता एकाच शहरात उभ्या राहिल्या: जबाबदारी एकाकडे, आज्ञा मानणारे लोक दुसऱ्याकडे. हंगामी सरकारने युद्ध चालू ठेवले आणि जमिनीचा प्रश्न घटना समिती भरेपर्यंत पुढे ढकलला. जूनमधील चढाई फसली, ऑगस्टमध्ये सेनापती कोर्निलोव्हने राजधानीकडे फौज वळवल्याने सरकारचा उरलासुरला दरारा गेला, सप्टेंबरात पेट्रोग्राड व मॉस्कोच्या सोव्हिएतमध्ये बोल्शेविकांना बहुमत मिळाले आणि २५ ऑक्टोबरला त्यांनी सत्ता घेतली. राज्य मोडणे वेगळे आणि मोडलेले राज्य उचलणे वेगळे. दुसऱ्या कामाला तयार असलेली संघटना कोणाची आणि लोकांना त्या घडीला काय हवे होते हे कोणी ओळखले, एवढ्यावर ते ठरते. शांतता आणि जमीन यांविषयीचे दोन हुकूम बोल्शेविकांनी दुसऱ्याच दिवशी काढले. त्याच वेळी हेही लिहावे की नोव्हेंबरच्या घटना समितीच्या निवडणुकीत त्यांना सुमारे चतुर्थांश मते मिळाली, शेतकऱ्यांचा समाजवादी क्रांतिकारक पक्ष पुढे होता, आणि जानेवारी १९१८ मध्ये ही समिती एका बैठकीनंतर बरखास्त करण्यात आली. पुढचे यादवी युद्ध आणि एकपक्षीय राजवट समजण्यासाठी हा तपशील आवश्यक आहे.

आपल्याकडचे उठाव याच कसोटीवर

‘उठाव, सुधारणा आणि क्रांती यांतील फरक सोदाहरण सांगा’ असा प्रश्न आला, तर कोल्हापूरच्या विद्यार्थ्याला उदाहरणासाठी फार लांब जावे लागू नये. १८४४ मध्ये करवीर संस्थानातील गडकऱ्यांनी सामानगड, भुदरगड आणि पन्हाळा या भागांत बंड केले. वंशपरंपरेने गड सांभाळणाऱ्या या लोकांची वतने व अधिकार नव्या कारभारात जाऊ लागले होते. ३१ जुलै १८५७ च्या रात्री कोल्हापुरात २७ व्या पलटणीने उठाव केला, आणि छत्रपतींचे बंधू चिमासाहेब यांना इंग्रजांनी कराचीला नेऊन ठेवले, तेथेच त्यांचा अंत झाला. दोन्ही वेळी धैर्य कमी नव्हते. परंतु ज्या सत्तेविरुद्ध हे उठाव होते तिची तिजोरी आणि तिची मुख्य फौज कोल्हापुरात नव्हतीच. येथे सत्ता डळमळली तरी बाहेरून पलटणी आणून ती पुन्हा बसवता येत होती. पॅरिस आणि पेट्रोग्राड या राजधान्या होत्या. हा फरक सांगितल्याशिवाय ‘नियोजनाचा अभाव’ हे ठोकळेबाज कारण देऊन १८५७ चे उत्तर संपवू नये.

सुधारणेचे उदाहरण तर आणखी जवळचे आहे. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने शाहू महाराजांनी संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. वरच्या थरातल्या लोकांचा मक्ता वरूनच मोडण्याचा हा प्रयत्न होता, आणि त्या अर्थी तो कालोनच्या १७८७ च्या करयोजनेच्या जातीचा आहे. मग एक यशस्वी आणि दुसरा निष्फळ का? कालोनला ज्यांची सवलत काढायची होती त्यांचीच संमती घ्यावी लागली. महाराजांना नेमणुकीसाठी तशी संमती लागत नव्हती, आणि विरोध तीव्र असला तरी तो हुकूम अडवू शकत नव्हता. शिवाय १९०१ पासून वसतिगृहे काढून त्या जागांसाठी शिकलेली मुले तयार करण्याचे काम त्यांनी सुरू केलेच होते. वेळेवर झालेली सुधारणा क्रांती टाळते, हे सूत्र मात्र मी उत्तरात सरसकट लिहू देणार नाही: लुईने सुधारणा सुरू केल्या म्हणूनच तर इस्टेट्स जनरल भरली.

उजळणीची पद्धत बरोबर बसली आहे का, हे तपासण्यासाठी एखादी न वाचलेली क्रांती घेऊन पाहावी. चीन त्यासाठी चांगला. १९०१ च्या करारान्वये छिंग राजवटीवर ४५ कोटी तैलांची (तैल हे चांदीचे वजनी नाणेमाप) युद्धभरपाई लादली गेली होती, म्हणजे तिजोरीचे उत्तर मिळाले. १९११ मध्ये सरकारने परकीय कर्जाच्या आधारे रेल्वेमार्ग ताब्यात घेण्याचे ठरवले, त्यात पैसे गुंतवलेले सिचुआन प्रांतातील लोक खवळले, ते आवरण्यासाठी शेजारच्या हूबेमधून शिपाई पाठवले गेले, आणि १० ऑक्टोबरला वूचांग येथे नव्या पद्धतीने शिकवलेल्या सैन्यातच बंड झाले. फौजेचेही उत्तर मिळाले. १२ फेब्रुवारी १९१२ ला बालसम्राट पूयीने गादी सोडली. मोडलेले राज्य कोणी उचलले, या तिसऱ्या प्रश्नाशी मात्र थबकावे लागते. क्रांतिकारकांचे नेते सन यत-सेन यांच्याकडे फौज नव्हती, सेनानी युआन शिकाईकडे ती होती, म्हणून अध्यक्षपद त्याच्याकडे गेले, आणि १९१६ मध्ये तो मेल्यावर प्रांतोप्रांतीचे सेनानी आपापल्या मुलखाचे धनी झाले. खेड्यांतील जमिनीची मालकी १९११ ने जवळजवळ जशीच्या तशी ठेवली होती. १ ऑक्टोबर १९४९ ला सत्तेवर आलेल्या पक्षाकडे स्वतःची फौज होती आणि पुढच्याच वर्षी त्याने जमीनसुधारणेचा कायदा केला. १९११ आणि १९४९ यांची तुलना विचारली गेल्यास उत्तराचा मुख्य भाग या दोन वाक्यांभोवती बांधावा.